भरमाण्णाचं सरण

हरणगाळीत आषाढ लागला की माणसं एकमेकांची तोंडं विसरतात, असं अळणावरच्या बाजारात चेष्टेनं म्हणायचे. चेष्टाच ती, पण अगदीच खोटी नव्हती. सहा घरांची वाडी. तीन बाजूंना रान, चौथ्या बाजूला ओढा. ओढ्याला पाणी आलं की वाडीला कुलूप लागायचं आणि किल्ली पावसाकडं. त्या वर्षी मृगात जो लागला तो थांबायचं नाव घेईना. तिकडं विजापूरच्या अंगाला मात्र दोन वर्षं थेंब नव्हता. तिकडची माणसं गुरं हाकत, पायी, पाण्याच्या मुलखाकडं येत होती. देव वाढायला बसला की असाच वाढतो, एकाच्या पानात धो धो आणि दुसऱ्याच्या पानात काही नाही, असं सत्यव्वा म्हणायची.

सत्यव्वाचं घर वाडीतलं शेवटचं. दोन खण, पुढं पडवी, मागं हात-दोन हात परसू. जमीन म्हणाल तर तेवढीच. ती लोकांच्या शेतात रोप लावायची आणि संध्याकाळी पदरात भात बांधून आणायची. नवरा भरमाण्णा पडवीत बसून खोकायचा. हा भरमाण्णा एके काळचा करवत्या. तीस वर्षं त्यानं करवतीचं खालचं टोक ओढलं. ओंडका उंच बांधतात, एक गडी वर उभा राहतो, एक खाली. वरचा ओढतो आणि खालचा भुसा खातो, अशी त्या धंद्यातली म्हणच होती. अळणावरच्या रेल्वेला लागणारे स्लीपर ह्या माणसानं किती कापले असतील त्याला गणती नाही. त्यातलं त्याला काय मिळालं, तर छातीत भरलेला भुसा. आता चार पावलं चालला की भात्यासारखा वाजायचा.

पण त्या घरात एक गोष्ट अशी होती की जी पाटलाच्या घरातही नव्हती. चुलीच्या वर, माळ्यावर, छपराला टेकेल इतकी कोरडी लाकडं रचून ठेवलेली होती. ऐन, धावडा, किंजळ. मधे एक जांभळाचा ठोकळा. खालच्या चुलीचा धूर वर्षानुवर्षं खाऊन ती काळी कुळकुळीत झाली होती. त्यातलं एक लाकूड चुलीत जात नसे. पावसात चूल पेटवायला सत्यव्वा ओल्या काटक्यांवर फुंकून फुंकून डोळे लाल करायची, पण माळ्याकडं हात करायची नाही. ती लाकडं सरणाची होती. दोघांपैकी जो आधी जाईल त्याची.

लोक पोरीच्या लग्नाला भांडी जमवतात, हा आपलं सरण जमवतो, असं म्हणून वाडी हसायची. हसणाऱ्यांना कारणही ठाऊक होतं, म्हणून ती जास्त हसायची नाहीत. सात वर्षांमागं ह्यांचा एकुलता एक मुलगा विठ्ठल भर श्रावणात तापानं गेला. चोवीस वर्षांचा पोरगा. वाडीत कोरडं लाकूड नव्हतं. ओली लाकडं रचली, घासलेट ओतलं, दोनदा पेटवलं, दोनदा विझलं. तिसऱ्यांदा नुसता धूर झाला आणि वरून सर कोसळली. माणसं हात जोडून घरी गेली, ती तरी काय करणार. दुसऱ्या दिवशी भरमाण्णा एकटाच तिकडं गेला आणि दुपारी परत आला. तिथं त्यानं काय बघितलं, काय आवरलं, ते त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून दोघं लाकडं आणू लागली. रानातलं वाळकं लाकूड डोक्यावर माईल तेवढं आणायला गार्ड सोडायचा. त्यातलं एखादं चांगलं बघून भरमाण्णा माळ्यावर टाकायचा. छाती गेल्यावर तो नुसता बोट दाखवायचा आणि सत्यव्वा वाहायची. सात उन्हाळे हे चाललं. मग यंदा लढाईपायी रान लष्कराच्या लाकडासाठी बंद झालं, गार्ड काटकीसुद्धा उचलू देईना. पण तोवर सरण पुरं झालं होतं. आठवड्यातून एकदा भरमाण्णा काठीनं खालूनच एकेक लाकडावर टकटक करून आवाज ऐकायचा.

"झालं का बोलून तुमच्या सोयऱ्यांशी?" सत्यव्वा म्हणायची.

"ऐकूलालो गे. ऐन कसं वाजतंय बघ, घंटी जशी." आणि त्याच्या तोंडावर एक समाधान यायचं. गरिबाच्या घरात समाधान येतं ते असल्याच वाटेनं येतं.

त्या आषाढात सत्यव्वा शंकरच्या शेतात लावणीला जात होती. शंकर वाडीतला त्यातल्या त्यात बरा गडी, बैलजोडी त्याचीच. एका दुपारी ती रोपाच्या मुठी आणायला ओढ्याकडच्या वाफ्यात गेली तर काठाच्या करंजाखाली माणूस पडलेला. आधी तिला वाटलं, कुणाचं घोंगडं वाहून आलं. जवळ गेली तर माणूस. उंच, हाडं वर आलेली, डावा कान फाटका, अंगावर एक धोतर आणि फाटका सदरा, दोन्ही ओले, आणि अंग तव्यासारखं. तिनं शंकरला हाक मारली.

"अक्का, ह्यो कुणाचा कोण," शंकर म्हणाला. "पल्याडनं पाण्यात घुसलाय वाटतं. वाचलाच कसा?"

"वाचलाय तर घे की उचलून. बघत काय बसलास?"

"कुठं नेऊ?"

शंकरनं आपल्या घराचं नाव काढलं नाही हे तिच्या ध्यानात आलं. "माझ्या पडवीत," ती म्हणाली.

पडवीत त्याला वाकळेवर घातलं. सत्यव्वानं त्याला नवऱ्याचं धोतर नेसवलं, चुलीतले निखारे खापरात घालून जवळ ठेवले. घरात त्या दिवशी तांदूळ होता तो दोन माणसांच्या पेजेपुरता. आपल्या वाटणीची पेज तिनं वाडग्यात घेतली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडाला लावली. त्यानं दात घट्ट मिटले.

"घे रे बाबा," ती कानडीत म्हणाली. वाडीत मराठी बोलत असले तरी कानडी सगळ्यांच्याच तोंडी होती. "गरम आहे. एक घोट घे."

त्यानं मान फिरवली. एक हात सारखा छातीवर नेत होता, बोटांनी काही चाचपत होता आणि पुन्हा हात खाली टाकत होता. भरमाण्णाला छातीचं दुखणं म्हणजे घरचंच. "कळ मारूलालीय त्याला," तो म्हणाला. "तेल लाव गे." सत्यव्वानं दिव्यातलं तेल काढून त्याच्या छातीला चोळलं. तेव्हा त्यानं डोळे उघडले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तो इतकंच बोलला, "हळ्ळदाग होतु." ओढ्यात गेलं.

"काय गेलं, बाबा? गाठोडं गेलं?" तिनं विचारलं.

त्याचा हात पुन्हा छातीवर गेला.

"जाऊ दे गेलं तर. जीव राहिला ना? मग झालं." ती म्हणाली आणि पुन्हा वाडगा पुढं केला. पुन्हा दात मिटले. ओठ ओले करायला पाण्याचा थेंब सोडला, तोही त्यानं जिभेनं बाहेर लोटला. सत्यव्वाला मनातून रागच आला. आपल्या तोंडचा घास ह्याला द्यावा आणि ह्यानं असा नाकारावा! आपण कुणबी, आपल्या हातचं नको असेल, असंही तिला वाटून गेलं. पण मरायला टेकलेला माणूस असलं बघतो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. अन्नाचा कण त्याच्या पोटात गेला नव्हता.

वाडीत प्रेत पडलं की ते उचलेपर्यंत कुठल्याच घरी चूल पेटत नाही. पाची घरची माणसं पडवीपुढं जमली, डोक्यावर इरली घेऊन. पोलीस पाटील ओढ्यापलीकडं, आणि ओढ्यावर दोन पुरुष पाणी. खबर देणार कशी?

शंकर म्हणाला, "खड्डा काढून पुरून टाकू. आणि काय करणार?"

"कुठं काढतोस खड्डा?" भरमाण्णा म्हणाला. "हातभर खणलंस की पाणी लागतंय. पाण्यात घालणार काय त्याला?"

"मग जाळणार कशानं? माझ्या हाडांनी?"

कुणीतरी हळूच म्हणालं, ओढ्यात सोडला तर? आल्या वाटेनं जाईल. त्यावर माणसं ओढ्याकडं बघू लागली, म्हणजे बहुतेकांना ते पटलं होतं. सत्यव्वानं त्याचं अंग पुसताना बघितलं होतं, गळ्यात लिंग नव्हतं, माळ नव्हती, काही नव्हतं. लिंगवंत असता तर लिंग असतं. मग आपल्यातलाच कुणीतरी. चाळिशीचा गडी, घरी बायको असणार.

भरमाण्णा काठीच्या टोकानं जमीन उकरत होता. मग वर मान करून म्हणाला, "सत्यव्वे, लाकडं खाली घे."

तिला कळलं, पण तिनं न कळल्यासारखं केलं. "कुठली लाकडं?"

"माळ्यावरली."

ती उठून आत गेली. तो काठी टेकत तिच्यामागं आला. आत गेल्यावर तिनं तोंड फिरवून आवाज दाबून बोलायला सुरुवात केली, कारण बाहेर माणसं होती.

"डोकं फिरलं काय तुमचं? सात उन्हाळे वाहिलीत मी. ह्या मानेवरनं. उद्या तुमचं काय झालं तर मी कुणाच्या दारात लाकूड मागायला जाऊ? रान बंद हाय. एक ढलपी मिळायची न्हाई."

"मी काय आज मरूलालोय?"

"आज न्हाई तर..." ती थांबली.

"व्हय, तेच म्हणतोय. आज न्हाई. तो आज मेलाय." त्याला दम लागला. भिंतीला धरून तो उभा राहिला. "लाकूड घरात असून माणूस पाण्यात सोडला तर मला ह्या माळ्याखाली झोप लागंल काय गे? तो पण कुणाचा तरी विठ्ठलच."

"विठ्ठलचं नाव काढू नका तुमी!"

ती चुलीपुढं पाठ करून बसली. तिला खरोखरच द्यायची नव्हती. दान करायचं ते पसाभर करावं, कुणी आपलं मरण दान करतं का? दारातून पडवी दिसत होती. त्या माणसाचे पाय चादरीबाहेर आले होते. टाचा उभ्या-आडव्या फाटलेल्या, आणि त्या भेगांत इथला लाल चिखल जाऊन बसला होता. एवढा मुलूख तुडवून हा पाण्याच्या आशेनं आला आणि पाण्यानंच ह्याला नेलं. सत्यव्वाला रडू फुटलं. रडत रडतच तिनं शिडी लावली, कारण भरमाण्णाला चढता येत नव्हतं आणि परक्याचा हात त्या लाकडांना लागू द्यायला तिचं मन घेत नव्हतं. एकेक लाकूड तिनं स्वतः खाली दिलं.

शंकर लाकडं खांद्यावर घेता घेता म्हणाला, "भरमाण्णा, मागनं माझ्या दारात यायचं न्हाई बघ. आधीच सांगून ठेवतो."

"न्हाई येत बाबा," भरमाण्णा म्हणाला.

सरण असं पेटलं की वाडीनं आषाढात तसं कधी बघितलं नव्हतं. पावसाची बारीक झड चालू होती, ती ज्वाळेपर्यंत पोचतच नव्हती. भरमाण्णा घोंगडं घेऊन दगडावर बसला होता. घरी चला म्हटलं तरी उठेना. "ऐन बघ, ऐन," तो म्हणत होता. "आणि धावडा आता धरंल. निखारा सकाळपर्यंत राहतोय बघ." घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "माझं मीच बघून घेतलं गे. लई झ्याक." आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला. तिसऱ्या दिवशी राख सावडली. भरमाण्णानं स्वतः उभं राहून ती एकेक पाटी मोजून ओढ्यात सोडायला लावली. हाडाचा तुकडा म्हणून उरला नव्हता. सत्यव्वाला वाटलं, गेली लाकडं, पण ह्याच्या छातीवरचा सात वर्षांचा दगड उतरला. चला, हेही काही थोडं नाही.

पाचव्या दिवशी पाऊस उघडला. ओढा कमरेएवढा झाला आणि पलीकडून एक बाई उतरून आली. तिशी-पस्तिशीची, वाळलेली, अंगावर काळं पुरुषी घोंगडं. दारोदार विचारत ती सत्यव्वाच्या पडवीपाशी आली. तिचं नाव गौरव्वा. सासूला आणि एका गाईला अळणावरच्या स्टेशनापाशी सोडून नवऱ्याला शोधत निघाली होती. लावणीचं काम बघतो म्हणून पुढं गेला तो आलाच नाही. उंच आहे, डावा कान फाटका.

भरमाण्णानं तिला बसवलं. वाईट बातमी कशी सांगायची ते भरमाण्णाला माहीत होतं आणि त्यानं ती नीट सांगितली. गौरव्वा ओरडली नाही. पदर तोंडात कोंबून बसली. मग तिचं मन हलकं करावं म्हणून भरमाण्णा बोलत राहिला.

"त्याची काळजी तू करू नकोस, बाळे. बेवारशासारखं केलं न्हाई आम्ही. माझ्या सरणाची लाकडं होती, सात वर्षांची सुकलेली..."

सत्यव्वा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. गौरव्वाचा पदर सरकला होता आणि गळ्यात दोऱ्याला बांधलेली मळक्या कापडाची गाठ दिसत होती. लिंग. हात छातीवर नेऊन तो काय चाचपत होता, तोंड का उघडत नव्हता, ओढ्यात काय गेलं होतं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका दमात गेलं. लिंग हरवलं की लिंगवंत माणूस ते परत मिळेपर्यंत पाणी घेत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असलेलंच वेळेला आठवलं नाही.

"अवं, पुरे करा," ती म्हणाली.

"सांगू दे गे. ऐन होतं, धावडा होता. असा जळाला बाळे, की हाडसुद्धा मागं राहिलं न्हाई. राख मी स्वतः..."

"जाळलं?" गौरव्वा म्हणाली.

तिनं ते इतक्या हळू विचारलं की भरमाण्णाला वाटलं तिला ऐकू आलं नाही. "व्हय, चांगलं जाळलं," तो मोठ्यानं म्हणाला.

"आमच्यात जाळत नाहीत, अज्जा," गौरव्वा म्हणाली. "आमच्यात माती देतात. बसवून. हातात लिंग देऊन."

मग गौरव्वानं सत्यव्वाकडं बघितलं. "त्याच्या गळ्यात लिंग नव्हतं?"

"नव्हतं, बाई. ओढ्यात गेलं म्हणाला. मला वाटलं गाठोडं गेलं."

"मग तो जेवला तुमच्याकडं?"

"न्हाई. पाण्याचा थेंब घेतला न्हाई. मी लई केलं. दात मिटून राहिला."

तेव्हा गौरव्वा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तो नेमाला चुकला नाही म्हणून रडली, की दोन दिवस उपाशी होता म्हणून रडली, ते सत्यव्वाला कळलं नाही. तीही रडतच होती. जरा वेळानं गौरव्वा म्हणाली, "कुठं घातला तेवढं दाखवा. हात ठेवते."

हात ठेवायला काय होतं? काळी पडलेली जमीन, तीही पावसानं अर्धी धुऊन नेलेली. राखसुद्धा ओढ्यात गेलेली. तिथं उभी राहून गौरव्वा इकडं तिकडं बघत राहिली. भरमाण्णा काठी टेकत, धापा टाकत मागून आला होता. त्यानं काठी टाकली आणि त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. साठीचा म्हातारा, लेकीच्या वयाच्या बाईपुढं. ती दचकून मागं सरली. शेताच्या बांधावरून शंकर आणि लावणीच्या बायका बघत होत्या. सत्यव्वानं नवऱ्याला बगलेत हात घालून उठवलं. तिला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटण्यासारखं आपण केलं तरी काय, हेही तिला कळत नव्हतं.

त्याच दिवशी पाऊस पुन्हा लागला आणि ओढा भरला. गौरव्वा अडकली. ती ह्यांच्या हातचं शिजलेलं खाईना. सत्यव्वानं तिला चार मुठी तांदूळ दिला. तिनं पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून वेगळं शिजवलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून, फुकटचं नको म्हणून, सत्यव्वाबरोबर चिखलात उतरली. तिच्या मुलखात ज्वारी. भाताचं रोप कसं धरतात तिला ठाऊक नव्हतं. सत्यव्वानं शिकवलं. दोघी वाकून मागं मागं सरकत रोप लावायच्या. बोलणं फारसं नव्हतं. एकदा गौरव्वा आपण होऊन म्हणाली, "हे घोंगडं त्याचं. जाताना मला देऊन गेला. दोन वर्षांत पाऊस बघितलास का तू, तुला सोसायचा नाही, म्हणाला. आता त्याचं म्हणून माझ्याकडं एवढंच." पाऊस कितीही असला तरी ती ते कामाला आणत नसे. पडवीत वळणीवर ठेवायची आणि इरलं घेऊन यायची. वळणीवरून काढून हुंगताना सत्यव्वानं तिला एकदा बघितलं होतं.

भरमाण्णा त्या दिवसापासून उठलाच नाही. भिंतीकडं तोंड करून पडायचा. माळा रिकामा होता, तिकडं तो बघायचा नाही. खोकल्याबरोबर रक्त यायला लागलं. पेज पुढं केली की म्हणायचा, "तो उपाशी गेला." सत्यव्वा चिडून म्हणायची, "आपल्याला काय ठाऊक होतं? आपण काय वाईट बुद्धीनं केलं?" तो म्हणायचा, "चांगल्या बुद्धीनं केलं म्हणूनच तर. वाईट बुद्धीनं ओढ्यात सोडला असता तर लिंगाशी तरी गेला असता."

हे गौरव्वानं बाहेरून ऐकलं. ती आत आली आणि त्याच्या अंथरुणाजवळ बसली.

"अज्जा, लिंग ओढ्यात गेलं, आणि राख पण तुम्ही ओढ्यातच सोडली ना?"

"व्हय."

"मग दोघं एकाच वाटेनं गेली. गाठ पडली असेल त्यांची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

स्वतःला पटलेलं असतं तर ती दिवसातून तीनदा त्या काळ्या जमिनीपाशी गेली नसती. पण म्हाताऱ्यासाठी ती तेवढं खोटं बोलली, आणि भरमाण्णानं तिच्याकडं बघून हात जोडले. दोन दिवसांनी तो बायकोला म्हणाला, "ओल्या लाकडात मला घालू नकोस गे. विठ्ठलसारखं न्हाई करायचं. माती दे." सत्यव्वा म्हणाली, "काय तरी बोलू नका." पण ते काय तरी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, रोपाला जायच्या वेळेला, तो गेला.

सत्यव्वा पाची दारांत जाऊन आली. शंकरच्या दारातही गेली. लोकांनी नाही म्हटलं नाही. होतं ते दाखवलं: गोठ्यातल्या ओल्या काटक्या, बुरशी आलेली ढलपी. ते रचून विठ्ठलचा धूर पुन्हा बघायचा, की मातीत घालायचा? ती परत येऊन नवऱ्याच्या उशाशी बसली. शंकर तिच्यामागून खोरं घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "वरच्या अंगाला खडकाजवळ जरा पाणी कमी लागंल, अक्का."

कमी लागलं, पण लागलंच. छातीएवढा खड्डा झाला आणि तळातून पाणी यायला लागलं. शंकर घागरीनं उपसायचा, वर येऊन बघायचा, तर पुन्हा वीतभर. तिरडी काठावर ठेवली होती. सत्यव्वा त्या गढूळ पाण्याकडं बघत होती. सात उन्हाळे हा माणूस कोरड्या लाकडांवर टकटक करून आवाज ऐकत होता. एवढंच मागितलं होतं त्यानं देवाकडं, कोरडं मरण. दुसरं काही मागितलं नव्हतं. ती एकदम खाली बसली आणि काठावरची माती दोन्ही हातांनी ओढून म्हणाली, "नको रे शंकर, नको, पाण्यात नको घालू त्याला. गारठंल तो. त्याला खोकला हाय."

गौरव्वा मागं उभी होती. ती घरी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात घोंगडं होतं. परक्या जातीच्या मढ्याच्या खड्ड्यात बाईनं उतरू नये, पण ती पदर खोचून सरळ उतरली. शंकरला म्हणाली, दगड दे. त्यानं दिले ते चपटे दगड तिनं पाण्यात एकावर एक बसवले, करंजाचा पाला दाबून भरला, आणि त्यावर घोंगडं चौघडी करून अंथरलं. हातानं दाबून बघितलं. खालचं पाणी वर येत नव्हतं.

"गौरव्वा, ते नको गे!" सत्यव्वा वरून म्हणाली. "ते काढ. त्याचं म्हणून तुझ्याकडं तेवढंच हाय. मग तुला काय राहिलं?"

गौरव्वानं वर बघितलं. तिच्या अंगावर आता एका लुगड्याखेरीज काही नव्हतं आणि पाऊस सरळ तिच्या डोक्यावर पडत होता.

"तुम्ही मागं ठेवली होती का लाकडं, त्याला देताना?" ती म्हणाली. आणि तिनं खालून दोन्ही हात वर केले. "द्या अज्जाला. माझ्या हातात द्या."